पाठीवरच्या दोन टपल्या

हे घडलंय. पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही. आणि पटवून द्यायला मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. मी हेस्टर लव्हडे, वय अठ्ठावन्न. वीस वर्षं गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसले. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर हसत आले.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरमधला दुसरा शनिवार. इंग्लंडमधलं आमचं डॉर्सेट. दुपार, लख्ख ऊन.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. म्हणून तर जास्त धसका बसलाय.

दर सप्टेंबरला आमच्याकडे सायकलफेरी निघते. जुन्या गावांतून, एका चर्चपासून दुसऱ्या चर्चपर्यंत. प्रत्येक चर्चच्या दारात कुणीतरी टेबल मांडून बसतं, सरबत-बिस्किटं देतं, तुमच्या कागदावर सही करतं. जमलेली देणगी अंधांच्या शाळेला जाते. माझा धाकटा भाऊ ॲम्ब्रोज तिथेच शिकला.

जन्मापासून आंधळा, कायम काळ्या चष्म्यात. आणि माझ्यासारखाच फटकळ.

आमची दोन सीटांची सायकल होती. पुढे मी, मागे तो. उतारावर वाऱ्यात मागचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमचं ठरलेलं होतं. पाठीवर एक टपली म्हणजे चल. दोन टपल्या म्हणजे थांब.

तो लबाड! केकचा वास आला की दोन टपल्या मारायचा. मी घाबरून ब्रेक दाबायची, आणि हा म्हणायचा, "हेट्टी, लिंबाचा केक! डावीकडच्या घरात! माझं नाक कधी चुकलंय का?"

सतरा वर्षं हेच.

आता त्याच्याही आदल्या वर्षीचं सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नेदर फेलच्या चढावर सायकल जड लागायला लागली. मी खेकसले, "ए आळशा, पाय चालव की! मी काय तुझी घोडी आहे?"

तो काही बोलला नाही.

चढ संपला. उतार लागला. आणि पाठीवर... दोन टपल्या.

"केक पुढच्या गावात!" मी ओरडले. थांबले नाही.

पुन्हा दोन. अगदी हळू.

मी हसले. हो, हसले मी!

खालच्या दगडी पुलापाशी त्याचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. तेव्हा मी थांबले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी सगळ्यांना सांगितलं, बिचारा गुपचूप गेला, मला कळलंसुद्धा नाही. लोकांनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले. मी त्या टपल्या गिळून टाकल्या.

म्हणून गेल्या वर्षी मी तीच सायकल काढली. मागची सीट रिकामी. पाद्रीसाहेब काळजीने म्हणाले, "हेस्टर, एकटीला ओढवेल का ही?"

"ओढवेल. तो असताना तरी कुठे ओढत होता," मी म्हटलं. सगळे हसले. त्या उतारावरून एकदा जायचं होतं मला. त्याची माफी मागायची होती.

हॉलकोमच्या चर्चपाशी मिसेस फेन बसल्या होत्या. लंडनहून नुकत्याच राहायला आलेल्या, आमच्यापैकी कुणालाच न ओळखणाऱ्या. मी सायकल भिंतीला टेकवली आणि नळावर हात धुवायला गेले. परत आले, तर टेबलावर दोन ग्लास भरलेले.

"मी एकटीच आहे," मी म्हटलं.

त्या गोंधळल्या. "मग ते काळ्या चष्म्यातले? आत्ता तर मागच्या सीटवर बसले होते. मी ग्लास पुढे केला, पण त्यांनी..."

"त्यांनी काय?"

"बघितलंच नाही हो माझ्याकडे. मला वाटलं, रागावलेत."

मी सही न घेताच निघाले.

नेदर फेलचा चढ आला. दात-ओठ खात मी पायडलं मारायला लागले, आणि...

सायकल हलकी झाली.

खोटं नाही सांगत. मागून कुणीतरी जोर लावत होतं. नीट, मन लावून, त्याने आयुष्यात कधी लावला नाही इतका. माझे पाय नुसते फिरत होते.

मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. मी रडत होते.

"पुरे रे ब्रोज," मी म्हटलं. "मी उगाच बोलले होते. नको इतका जोर लावूस, बाळा."

चढ संपला. उतार लागला. कानात वारा घोंगावायला लागला.

मग पाठीवर... दोन टपल्या.

मी असा ब्रेक दाबला, की चाकं खरडत गेली. दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

"थांबले. बघ, थांबले मी. चुकलं माझं, ब्रोज. तेव्हाच थांबायला हवं होतं."

मागे काही हललं नाही. श्वाससुद्धा नाही.

पण सायकल मोकळी नव्हती. धरून ठेवताना हात भरून येत होते. कुणीतरी बसलेलं असावं, इतकी जड.

मी एका टपलीची वाट बघत राहिले. एक टपली. चल म्हणून.

बाजूने आमचीच मंडळी जात होती. "काय हेट्टी, पंक्चर?" कुणीतरी विचारलं.

"नाही. जरा थांबलेय."

खालच्या गावात चारचे टोले पडले. मग पाचचे. ऊन उतरलं, शेवटचा सायकलवालाही गेला. ती टपली आली नाही.

शेवटी मी सायकल हाताने ढकलत घरी आणली. चार मैल. पूल ओलांडला, तरी ती हलकी झाली नाही.

आता ती बागेतल्या शेडमध्ये आहे. या सप्टेंबरला पाद्रीसाहेबांनी विचारलं, येणार ना? मी नाही म्हटलं. गुडघे दुखतात म्हटलं.

रोज दुपारी मी शेडमध्ये जाते, पुढच्या सीटवर बसते आणि त्याच्याकडे पाठ करून वाट बघते.

त्याने थांब म्हटलंय. अजून चल म्हटलेलं नाही.