गोळ्या गेल्या कुठे

"दुकान बंद करीन, पण माफीच्या कागदावर सही करणार नाही," नियाज म्हणाला आणि गोळ्यांचं पाकीट त्याने वेणू म्हात्रेच्या टेबलावर आपटलं.

पनवेलच्या बाजारात त्याचं औषधाचं दुकान वडिलांपासूनचं. उरणकडचा कोळी काशिराम वर्षभर त्याच्याकडूनच कोलेस्टेरॉलच्या गोळ्या नेत होता. सहा महिन्यांमागे रक्ताचा रिपोर्ट छान आला. गेल्या आठवड्यात मात्र हृदयाचा झटका आला, तेव्हा चरबी पुन्हा मूळपदावर. मुलगा प्रितेशने निकालच देऊन टाकला: गोळ्या बनावट. संध्याकाळपर्यंत लेखी माफी, नाहीतर बाजारभर बोंब.

वेणू खासगी तपास करायची. त्याआधी दहा वर्षं तिने रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काढली होती. तिचा सहकारी बाळू इतका सरळ, की समोरचा बोलेल ते त्याला पटायचं.

नियाज त्याच खोक्यातल्या गोळ्या स्वतः घेत होता आणि त्याचा ताजा रिपोर्ट उत्तम होता. मग काशिराम गोळ्या घेतच नसणार, बाळूने ठोकून दिलं. प्रितेशने रिकाम्या पाकिटांचा ढीग पुढे टाकला. रोज एक गोळी, हिशेबात एकही शिल्लक नाही. बाळूला प्रितेशचंही पटलं.

दवाखान्यात काशिराम होडीच्या विषयावर खुलला. "होडी वर ओढून तळ खरवडला, का मोसमभर बघाया नको. माज्या काळजाच्या नळ्या पन तशाच साफ झाल्यान, रिपोर्टात आलंय."

त्याची बायको सोनाबाई पाणी द्यायला उठली, ती मांड्या धरून. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेली बाई. पाच महिने झाले असं दुखतंय, एवढंच बोलली.

संध्याकाळी वेणूने मायलेकांना दुकानात बोलावलं.

"नियाजभाईंचा रिपोर्ट सांगतो, गोळ्या खऱ्या. काशिरामदादांना वाटलं, नळ्या खरवडून झाल्या, आता गोळी कशाला? पण ही गोळी खरवडत नाही. रक्तातली चरबी कमी ठेवते, नळीतला थर घट्ट करते, फुटू देत नाही. बंद केली की तो फुटायचा धोका वाढतो."

"मग पाकिटं रिकामी कशी?" बाळूने विचारलं.

"दुसरं कुणी रोज खात होतं. या औषधाने काहींच्या मांड्या दुखतात."

सगळ्यांनी सोनाबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

"हो, मीच खाल्ल्या. यानीच दिल्या, बोलले, माजं झालं, आता तू घे. माज्या छातीत वरीसभर कळ येतं. घरात कोनी इचारलं मना? झटका आला तवा वाटलं, मीच नवऱ्याला मारलं. म्हनून गप रायले."

बाळूला एकदम लाज वाटली. दवाखान्यात त्यानेही तिला काही विचारलं नव्हतं. प्रितेश हात जोडून नियाजकडे वळला, तर सोनाबाईने त्याचं मनगट धरलं.

"माफी मंग माग. आदी मना डाक्टरकडं ने."

नियाजने भर धंद्याच्या वेळी शटर ओढलं आणि रिक्षा थांबवली.