इलेक्ट्रॉन खाली परतो

गव्हाणच्या बंदरावर होडी लागली होती आणि कोळंबीच्या पाट्या हातोहात किनाऱ्याकडं सरकत होत्या. रांगेच्या मधोमध कोमल, गुडघाभर चिखलात. तिनं पाटी पुढं केली, घेणाऱ्याचं तोंड पाहिलं आणि हात तिथंच थिजले.

प्रितेश! तिच्याच वर्गातला, शहरातल्या खांदा कॉलनीतला. पँट मांडीपर्यंत काळी, कीपॅडचा मोबाइल भिजू नये म्हणून शर्टाच्या वरच्या खिशात खोचलेला.

"तू... इथे?"

"मी हितलीच. तू कशाला आलास मराया?"

"कोळंबी घ्यायला. त्या मावशी म्हणाल्या, नुसता बघत काय राहतोस, हात लाव."

कोमलनं पाटी जवळजवळ आदळलीच त्याच्या हातांत. राग होताच तसा. गेल्या आठवड्यात बायोकेमिस्ट्रीच्या तासाला ती म्हणाली होती, "इलेक्ट्रॉन एकेक पायरी खाली परतो." पडतो म्हणायचं होतं. गव्हाणच्या जिभेवर 'ड'चा 'र' होतो, त्याला ती काय करणार? वर्ग खो-खो हसला. हसणाऱ्यांत निम्म्यांना मायटोकाँड्रिया धड लिहिता येत नव्हतं, पण दुसऱ्याची जीभ घसरलेली ऐकायला कान कसे टवकारलेले! प्रितेश हसला नव्हता. गप्प बसला होता. कोमलच्या लेखी ते हसण्याहून वाईट. त्यात मॅडमनी सोमवारच्या सेमिनारला ह्या दोघांचीच जोडी लावलेली. कोमलनं ठरवून टाकलं होतं, सोमवारी जायचं नाही. नंतरही नाही. झालं शिक्षण तेवढं पुरे.

इतक्यात रांगेच्या शेवटी उभी असलेली सुमतीमावशी एका गिऱ्हाइकाशी भांडायला वळली. पाटी घ्यायला हातच नाही. बघता बघता सगळी रांग भरल्या पाट्या धरून उभी.

"मावशी, घ्या की! हात तुटले माझे!" प्रितेश ओरडला.

"ऑक्सिजन घेत नाय, तर आख्खी साखली ठप्प," कोमल पुटपुटली.

तो वळून बघतच राहिला. "म्हणजे... सुमतीमावशी ऑक्सिजन?"

"मग! शेवटाला इलेक्ट्रॉन घेनारा तोच. तो नाय तर मागचा कुनाला देनार?"

"आणि प्रोटॉन?"

तिनं हनुवटीनं खाडीच्या बांधातलं दार दाखवलं. "ती उघारी बघ. हातोहात देताना जी ताकद सुटते, ती प्रोटॉनना बांधाभाईर ढकलते. भाईर भरती, आत वहटी. दार उघारलं की पानी कसं मुसंडी मारतं? तिथं चाक बसव. फिरंल का नाय?"

"फिरेल."

"त्या चाकावरच एटीपी बनतं, पेशीचं इंधन."

"कोमल, हे तू सोमवारी असंच सांगायचंस."

"नाय. तुझे दोस्त हसतात."

"हसू देत..."

"तुला सोपं हाय. तुझी जीभ जाग्यावर हाय."

त्यानं मान खाली घातली. "त्या दिवशी मी गप्प बसलो. चुकलं. सोमवारी नाही बसणार."

तिनं पाटी कमरेवर टेकवून एक हात मोकळा केला. "गालावर चिखल हाय तुझ्या."

"पूस ना मग."

तिनं आपल्या चिखलाच्या बोटांनी दुसऱ्या गालावरही एक पट्टा ओढला. "आता सारखं झालं."

सोमवारी ती गेली. पहिली चार वाक्यं इस्त्री केलेली. मग इलेक्ट्रॉन आला आणि जीभ आपल्या घरी गेली. "...खाली परतो."

मागच्या बाकावरून फिस्स आवाज आला.

"आर्यन, ऊठ," प्रितेश म्हणाला. "ऑक्सिजन संपला तर इलेक्ट्रॉनचं काय होतं?"

आर्यन उठला. छताकडं बघितलं. बसला.

"आता ती सांगेल. ऐक."

मग कोमल थांबली नाही. बांध, भरती, उघारी, चाक... सगळं तिच्याच बोलीत. त्या दिवशी हसलेले माना खाली घालून वहीत उतरवून घेत होते. लाज कुठली!

वर्ग रिकामा झाला. प्रितेश फळ्याच्या चौकटीला टाचलेला तक्ता उतरवत होता.

"कोमल... एक सांगू?"

"सांग."

"मला तू... म्हणजे मला... खूप..."

"एवढा वेळ तर धडाधडा बोलत होतास!"

"आवडतेस."

तिचे कान तापले. पण नजर तिनं खाली घातली नाही.

"माना तू आवरतस."

"हो, हो... आवरतो!" तो घाईघाईनं तक्ता गुंडाळायला लागला. "दोन मिनिटं दे, टाचण्या तेवढ्या..."

कोमल हसता हसता बाकावरच बसली. "अरे येड्या! 'माना' म्हंजे मला. आता 'र' काढ, 'ड' लाव!"

त्याचे ओठ नुसतेच हलले. एकदा. दोनदा. तक्ता हातातून सुटून भसकन जमिनीपर्यंत उलगडला.

"परत म्हण."

"नाय."

"एकदाच. तसंच. तुझ्यासारखं."

दार सताड उघडं होतं, बाहेर पोरापोरींची ही गर्दी. कोमल उभी राहिली आणि आवाज जराही न दाबता म्हणाली, "माना तू आवरतस!"