रोज नवा पत्ता

"माझा फोन आज पुन्हा बाहेर," तो म्हणाला, आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मावशीच्या अभ्यासिकेतलं वायफाय तीच सांभाळायची. प्रत्येक फोनला आकडे-अक्षरांचा एक पत्ता असतो. तो तिने राउटरमध्ये नोंदवला की फोन आत. नाही नोंदवला, तर पासवर्ड माहीत असून उपयोग शून्य. एका सभासदाला एकच फोन. बाकीचे सगळे एकदा नोंदवून गप्प बसले होते. हा खिडकीवाला उंच मुलगा मात्र रोज सकाळी तिच्या टेबलाशी हजर... केस ओले, चेहरा साळसूद. आणि ती, वेडी, न विचारता रोज त्याचा नवा पत्ता टाकत राहिली. का, तर "जमेल का?" म्हणताना तो मान जराशी तिरकी करायचा — म्हणून.

पण आज मावशीने राउटरचं पान उघडून पाहिलं होतं. खिडकीवाल्याच्या नावावर फोनच फोन. हा मित्रांना फुकट नेट वाटतोय, मावशीने निकालच देऊन टाकला. संध्याकाळपर्यंत खरंखोटं झालं नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला. परीक्षा तोंडावर आलेली, आणि त्याच्या घरी अभ्यासाला कोपराही नव्हता.

"फोन दाखवा," ती जमेल तितक्या कोरडेपणाने म्हणाली.

त्याने लगेच दिला. जरा जास्तच लगेच.

तिने पत्ता वाचला आणि थबकली. दुसऱ्या जागी इंग्रजी ई. कारखान्यातून आलेल्या पत्त्यात तिथे ई नसतो. हा पत्ता फोनने स्वतःच्या मनाने रचलेला. पाळत ठेवणाऱ्यांना चकवायला फोन असं करतात, आणि याच्यात तर दर वेळी नवा पत्ता रचायचं बटण चालू होतं. म्हणजे फोन एकच. नोंदवतानाच ते बंद करायला सांगायचं, हे तीच विसरली होती.

तिने मावशीला बोलावून सगळं दाखवलं, स्वतःची चूकही. मावशीने चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, जागा राहू दे म्हणाली आणि गेली.

तिची शंका मात्र जाईना. "रोज माझ्याकडे यायचात. हे बटण तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

त्याचे कान लाल झाले. "आधी नव्हतं. मग घरी सापडलं... बंद केलं. सकाळी परत चालू केलं."

"का?"

"नाहीतर — तुझ्याकडे काय सांगून आलो असतो?"

तुझ्याकडे. कालपर्यंत तुमच्याकडे होतं. जागा जायची वेळ आली होती, आणि ह्या शहाण्याचं हे असं... तिने हसू ओठात दाबलं, त्याच्यादेखत बटण बंद केलं आणि जुने पत्ते भराभर पुसून एकच ठेवला.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे उद्यापासून..."

"उद्यापासून नुसता ये," ती म्हणाली.