मोटरखालचा गोधडीचा तुकडा

माझी धाकटी बहीण सविता फेब्रुवारीत गेली. तिच्या लेकीसाठी, प्रज्ञासाठी, मी बेलापूरला येऊन राहिले. पोर सात वर्षांची. आई गेल्यापासून तिला झोपच नव्हती. जरा डोळा लागला की दचकून उठायची. ताटावर बसल्या बसल्या मान खाली यायची, अंगात कणकण असायची. डॉक्टर म्हणाले, "हिला आधी झोप मिळू द्या, नाहीतर अवघड आहे."

आणि घरात आवाज होता तो माशांच्या टाकीचा. हवेची छोटी मोटर फळीवर सारखी घरघरायची, फिल्टरचं पाणी वरून टपटप पडायचं. बंद करावी तर मासे मरतील. टाकी सविताची, प्रज्ञा ती दुसऱ्या खोलीत हलवू देईना.

श्रीरामपूरला दुकानात विचारलं. दुकानदार ज्ञानेश्वर म्हणाला, "मावशी, मोटर फळीवर थरथरते म्हनून वाजते. खाली जाड, मऊ काहीतरी घाला. अन् पानी फिल्टरच्या तोंडापर्यंत भरा. उंचावरून पडलं न्हाई की वाजत न्हाई."

घरी येऊन टाकी भरली. टपटप थांबली. मोटरखाली घालायला मात्र काही सापडेना. सविता गेल्यावर तिच्या साड्यांची गोधडी मी आणि गल्लीतल्या बायकांनी मिळून शिवली होती. तिचा वीतभर कोपरा मी कात्रीनं कापला. दोन बाजू शिवलेल्या, दोन बाजूंना दोरे लोंबत होते. तो मोटरखाली सारला.

घरघर गेली. उरली ती बारीकशी गुणगुण, ओठ मिटून कुणी गुणगुणावं तशी. टाकीतला हिरवा उजेड भिंतीवर हलत होता. भर दुपारी प्रज्ञा गाढ झोपली. मी पदरानं डोळे पुसले.

शेजारच्या चांगुणाबाई वाटीभर कढी घेऊन आल्या. "अगं बया, माशांना पन गोधडी? लई लाड हायेत!" मग वाकून पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "ही सवीची न्हवं? शिवलेली गोधडी कापीत न्हाईत, ताई. जिची लुगडी, तिला वाटतं, काम अर्धंच ऱ्हायलं..."

"असू द्या. पोर झोपली ना."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. टाकीतले बुडबुडे थांबले. मासे जागच्या जागी उभे राहिले.

गुणगुण चालूच होती.

शिवायला बसली की सविता अशीच गुणगुणायची. खोलीत माक्याच्या तेलाचा वास आला, तिच्या केसांचा. चांगुणाबाई वाटी तिथंच ठेवून निघून गेल्या.

पाचला लाईट आली. प्रज्ञा उठेना. हलवलं, गालावर पाणी लावलं. कितीतरी वेळानं डोळे उघडून ती हसली.

"मावशी... आता एकच बाजू राहिलीय."

"कसली गं?"

ती पुन्हा झोपली होती.

मी मोटर उचलली. कापलेली एक बाजू आत दुमडून शिवलेली होती. बारीक टाके, दर चौथा जरासा तिरपा. सविताचा हात. मी तुकडा ओढून काढला, तशी मोटर घरघरली आणि प्रज्ञा किंचाळत उठली. रात्र जागून काढली तिनं. पहाटे अंग तापलं. तिचे वडील चेतन कारखान्यातून पाळी संपवून आले, तिला पाहून म्हणाले, "ताई, काल झोपली होती ना? जे केलं होतं तेच करा."

मी तुकडा परत ठेवला. काय करणार होते? घरातल्या सगळ्या सुया मात्र डब्यात घालून चांगुणाबाईंकडे दिल्या.

आज तिसरा दिवस. पोर झोपते, ताप नाही. पण झोप रोज लांबत चालली आहे. मघाशी मोटर उचलून पाहिली. उरलेल्या बाजूला सात टाके पडलेत, पिवळ्या दोऱ्याचे. घरात पिवळा दोरा नाही.

प्रज्ञाच्या अंगात पिवळा फ्रॉक आहे. त्याची खालची दुमड आजच थोडी उसवलेली दिसते.