पाचवी बाटली

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझी मावसबहीण नूतन भोरला जनावरांची डॉक्टर आहे. तिनं सांगितलं तसंच सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. भातकापणीच्या तोंडावर उत्रोलीच्या पारूबाई पाटीत चार मेलेली घुबडं घेऊन आल्या.

"बांधावर पडली व्हती. एकाच्याबी अंगावर जखम न्हाई, डाक्टरीनबाई."

नूतनला उंदरांच्या औषधाचा संशय आला. औषध खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला, की त्याचंही रक्त गोठत नाही. आतल्या आत वाहत राहतं.

तिनं चारही घुबडांच्या यकृताचे तुकडे काढले. चार बाटल्या. चार चिठ्ठ्या. पेटी पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली.

चौदा ऑक्टोबर. भर दुपारी तिथल्या इंद्रजितचा फोन आला.

"मॅडम, पाचही नमुन्यांत विष सापडलं."

"पाच नाही. चार."

"पाच आहेत. पाचव्यात सगळ्यात जास्त. आणि…"

कागद उलटल्याचा आवाज आला.

"तो तुकडा पक्ष्याचा नाही."

त्यानं चिठ्ठीचा फोटो पाठवला. उत्रोली. नमुना पाच.

अक्षर नूतनचंच…

खाली तारीख होती, एकोणीस ऑक्टोबर.

तो दिवस अजून उजाडायचा होता.

प्रयोगशाळेत काहीतरी घोळ झाला असेल, असं तिनं मनाला समजावलं. दोन दिवस तो फोटो उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी राहवेना. ती उत्रोलीला गेली.

भातखाचरात एकही बगळा नव्हता. बेडकाचा आवाज नाही. वस्तीवर कुत्रंही भुंकलं नाही…

पारूबाई ओसरीवर चूळ भरत होत्या.

पाणी लाल होतं.

"हिरड्यांतनं येतंय. वय झालं आता."

"खाल्लंत काय तुम्ही?"

"बांधावरचं खेकडं. यंदा लई घावली. बिळातनं आपसूक भायेर येत्यात."

नूतन बांधावर गेली. उंदरांसाठी टाकलेले विषाचे निळे दाणे खेकड्यांच्या बिळांच्या तोंडाशी पसरले होते.

तिनं पारूबाईंना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली, रक्त चढवलं.

"दोन दिवस आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

एकोणीस तारखेला सकाळी पारूबाई गेल्या.

इंद्रजितनं पुन्हा पेटी उघडली, तर आत चारच बाटल्या. नोंदवहीतही चार.

फोटो मात्र नूतनच्या मोबाईलमध्ये अजून आहे. मी पाहिलाय.

ती चिठ्ठी कुणी लिहिली, हे ती कधीच विचारत नाही. एकच बोलते.

"कुणीतरी मला पाच दिवस दिले होते रे. त्यातले दोन मी घालवले."