बारावं नाव

लाइट गेली तर जाऊ द्या. तीस वर्षं नाटकवाल्यांचे दिवे लावले-विझवले मी, अंधाराचं मला काय एवढं! अथर्व, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आधी, डोळ्यांत खुपतोय. आणि मधेच 'गंगाधरकाका, खरंच का?' असं विचारायचं नाही. मृण्मयी माझ्या चांगल्या ओळखीतली. तिच्या प्रत्येक प्रयोगाला दिवे माझेच असायचे.

तारीख सांगतो, हवं तर कॅलेंडर काढून बघा. सोळा डिसेंबर दोन हजार तेवीस, शनिवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, चांगली विनायकी चतुर्थी होती. रात्री साडेनऊला मृण्मयी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरून स्कूटर काढून सातपूरला निघाली. काम साधंच. दुसऱ्या दिवशी मुंबईत तिचा नाच, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठायची, आणि नाचाचा पोशाख राहिलेला सातपूरच्या शेडमध्ये. बंद पडलेल्या एका कारखान्याची ती पत्र्याची शेड तिने भाड्याने घेतली होती. तिथे ती बुटो शिकवायची.

बुटो म्हणजे जपानी नाच. तुमच्या गणपतीतला नव्हे! ताल नाही, ठेका नाही. अंगाला सफेदा फासायचा आणि इतकं हळू हलायचं, की बघणाऱ्याला वाटावं, हे माणूस जिवंत आहे की नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी चक्क घोरलो. दुसऱ्यांदा बघितला, तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मृण्मयीने बारा वर्षं घातली त्यात. जपानला राहून आली, दोन विषयांत एम.ए. केलेली पोर, पण नोकरी नाही, लग्न नाही. एकच ध्यास, या नाचात आपलं नाव व्हावं.

लताबाई ती शेड झाडायला यायची. श्रमिकनगरची, पन्नाशी उलटलेली, दिवसा एका कंपनीत पॅकिंगला. एक दिवस झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "ताई, मी बी उभी राहू का?" मृण्मयी हसून राहा म्हणाली. आणि काय सांगू तुम्हाला! शिकवताना मृण्मयी म्हणायची, 'तुमच्या पाठीत पाणी भरतंय.' बाकीची पोरं पाणी भरल्याचं सोंग करायची. लताबाईच्या पाठीत पाणी भरायचं. बघणाऱ्याला दिसायचं ते.

मृण्मयीच्या पोटात दुखायला लागलं. मला म्हणाली एकदा, "काका, मी बारा वर्षं हाडं झिजवली, आणि हिला केर काढता काढता आलं?" हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

मग जपानची पाहुणी आली. मुंबईच्या महोत्सवासाठी तिला नाशिकचा एकच नाच हवा होता, आणि पुढे त्याच कलाकाराला सहा महिने जपानला न्यायचं होतं. तिने वर्ग बघितला. लताबाईकडे बोट दाखवून मृण्मयीला इंग्रजीत म्हणाली, "ही नाचेल. तुम्ही शिक्षिका म्हणून सोबत या."

लताबाईने विचारलं, "काय म्हणत्यात वं त्या?"

"छान करता म्हणाल्या," मृण्मयी म्हणाली.

त्यानंतरचा रविवार, दहा डिसेंबर. बाराजण वर्गाला होते. मृण्मयीने त्या दिवशी सगळ्यांत अवघड धडा घेतला. आपलं गेलेलं एक माणूस आठवायचं, आणि त्याला आपल्या अंगात जागा द्यायची. लताबाईने जाऊ आठवली. निफाडची कुसाबाई. "लय जळायची माझ्यावर," लताबाई म्हणाली, "माझं एक चांगलं बघवायचं नाय तिला. पण गेली तवा आमचा अबोला होता. त्याचं वाईट वाटतं."

आता या धड्याचा एक नियम आहे, आणि तो मोडायचा नाही असं मृण्मयीला तिच्या गुरूने बजावलं होतं. धडा संपला की शिकवणाऱ्याने प्रत्येकाच्या मागे जायचं, पाठीवर हात ठेवायचा, आणि नाव घेऊन तीनदा परत बोलवायचं. ज्याने पाठवलं त्यानेच बोलवायचं. दुसऱ्याची हाक चालत नाही.

मृण्मयीने अकरा जणांना बोलावलं. मग लताबाईच्या मागे उभी राहिली. हात पुढे गेला, नाव ओठांवर आलं. आणि तिच्या मनात आलं, राहू दे. आठवडाभर बाईला जरा जड जाईल, मुंबई हुकेल, एवढंच ना? आपण मुंबईहून परत आल्यावर मारू हाक.

हात मागे घेतला तिने.

दुसऱ्या दिवसापासून लताबाई उठेना. तिच्या मुलाचा, सोमाचा फोन आला, "ताई, आई नुसती बघत पडलीय. हाकेला ओ देत नाय." डॉक्टर झाले, सलाइन झालं. मृण्मयीने पाहुणीला कळवून टाकलं, बाई आजारी आहेत, मी नाचते.

तर ती शनिवारची रात्र. पावणेदहाला मृण्मयीने शेडचं कुलूप काढलं. बटण दाबलं. दिवा लागला नाही. मोबाइलच्या उजेडात ती पोशाखाच्या पेटीकडे निघाली.

मधोमध कुणीतरी उभं होतं.

पाठमोरं. सफेदा फासलेलं. लताबाईची साडी, लताबाईचा अंबाडा.

"लताबाई...?"

बाई बरी होऊन आली असेल, असं तिला वाटलं. कुलूप तर बाहेरून होतं, हे नंतर लक्षात आलं.

शेवटी माणूसच ती. लाज वाटली तिला. जवळ गेली. पाठीवर हात ठेवला. पाठ गार होती.

"लताबाई, या."

खांदा हलला.

"लताबाई, या."

मान वळायला लागली. हळू. फार हळू...

एकच हाक राहिली होती. आणि बघा पोरांनो, त्या घटकेलासुद्धा तिच्या मनात आलं, ही उठली तर उद्या हीच नाचेल.

ती गप्प राहिली.

मान पुरती वळली.

तोंड लताबाईचं नव्हतं.

"नको बोलवू तिला," ते तोंड म्हणालं. "मलाबी तिचं चांगलं बघवत नाय. तुझं नि माझं एकच हाय."

बाई समोर होती. दोन्ही हात खाली.

आणि मृण्मयीच्या पाठीवर... मागून... कुणीतरी हात ठेवला.

...

साडेदहाला तिने माझं दार वाजवलं. पायांत चपला नाहीत, दातांवर दात आपटत होते. पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. असं सरकलं माझं टाळकं! म्हटलं, "एक हाक मारायला काय जात होतं गं तुझं?" मग सोमाला फोन लावला.

"आई ना? आत्ता उठून बसली काका, दहाच्या सुमाराला. चहा मागतीय. नाय हो, बाहेर कुठली जाते! आठवडाभर खाटेवरच हाय."

मी फोन ठेवला. मृण्मयीचं थरथरणं थांबलं होतं. मी म्हटलं, "उद्या जाऊ नकोस."

"जाणार," ती म्हणाली. बस, एवढंच.

मुंबईला दिवे माझेच होते, म्हणून सांगतो, तसा नाच मी जन्मात बघितला नाही. लोक ढसाढसा रडले. पाहुणीने तिला मिठी मारली, जपानचं तिथल्या तिथे नक्की झालं. बारा वर्षं जे मागितलं, ते पदरात पडलं. मी विंगेतून हाक मारली, "मृण्मयी!" तिने बघितलं नाही. पुन्हा मारली. सरळ माझ्या अंगावरून निघून गेली, नाव दुसऱ्या कुणाचं असावं तशी.

मी दिव्यांच्या वायरी गुंडाळत होतो, तेवढ्यात पाहुणी कलाकारांच्या सह्यांचा कागद घेऊन आली. मृण्मयीने तो प्रयोग संपल्यावर भरला होता. पाहुणीने त्या जागेवर बोट ठेवून विचारलं, ही तुमच्याकडची रीत आहे का? मी कागदाचा फोटो तेवढा काढून घेतला, आणि नाशिकला येऊन लताबाईला दाखवला.

सगळ्यांच्या नावापुढे सह्या होत्या. मृण्मयीच्या नावापुढे सफेद्यात बुडवून उठवलेला अंगठा.

लताबाईने तो अंगठा बोटांनी मोठा करून बघितला. मग मोबाइल पालथा ठेवला तिने.

"आमची जाऊ शाळेत गेली नव्हती," ती म्हणाली.