ओंगे कुणापुढे बसला?

"शुक्रवारी गाडी आली की ओंगे जिथून आणला तिथे परत जाईल," आजीने सकाळीच सांगून टाकलं. माव्हेजाच्या हातातला घट्ट लापशीचा गोळा हातातच राहिला. समोर बसलेला ओंगे त्या गोळ्याकडे टक लावून पाहत होता.

ओंगे म्हणजे ओंगेयामा, त्यांच्या भाषेत सिंह. हा पाच महिन्यांचा सिंह मात्र शेळ्यांच्या राखणीला आणलेलं, लोंबत्या कानांचं कुत्र्याचं पिल्लू होता. तो शेळ्यांबरोबर काटेरी कुंपणात झोपायचा, कारण शेळ्यांत वाढलेलं कुत्रं शेळ्यांनाच घर समजतं. सुट्टीत आलेल्या माव्हेजाने आणि तिच्या धाकट्या भावाने, कुआइमाने, त्याला शिकवायचं मनावर घेतलं. गोळा नाकावरून हळूच मागे न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. मग "बस" म्हणायचं आणि गोळा द्यायचा. दिवसातून वीसदा! बसल्याशिवाय घास नाही, हा नियम. पहिल्या आठवड्यात कुआइमाची बोटं चावून निघाली. तिसऱ्या आठवड्यात घास देणारा दिसला की ओंगे न सांगताच त्याच्यापुढे बसू लागला. काय गुणाचं पिल्लू होतं!

तरीही कोल्ह्याने भरदुपारी दोन करडं पळवली होती. शेळ्या चारायला नेणाऱ्या मुचिंदेमामाने खापर ओंगेवर फोडलं. म्हणे, पोरांनी लाडावलंय, शेळ्या सोडून घरी पळतं! दुपारी आजी शेजारी शिवणकामाला जायची, त्यामुळे तिने ते खरं मानलं. ओंगे दुपारी घरी येतच नाही, असं मुलांनी कितीदा सांगितलं, पण तुम्ही त्याचीच बाजू घेणार, म्हणून तिने ते उडवून लावलं.

त्याच संध्याकाळी ओंगेने लापशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माव्हेजाने त्याचं तोंड हुंगलं. तेलाचा वास! मिशांना साखर चिकटली होती. तळलेले गोड वडे मिळायचे ते फक्त रस्त्यावरच्या दुकानात.

"मामा तिथे बैलांच्या गप्पा हाणत बसत असणार," कुआइमा म्हणाला. "त्याच्या लेखी गाई म्हणजे धन आणि शेळ्या म्हणजे चिल्लर."

"आपलं कोण ऐकणार? आजीनेच पाहायला हवं."

गुरुवारी दुपारी आजीचं निळ्या दोऱ्याचं रीळ गायब झालं. ते कुआइमाच्या खिशात होतं, हे सांगायला नकोच. आजीने आपली गाईच्या शिंगांसारखी दोन टोकं असलेली कापडी टोपी डोक्यावर नीट बसवली, घोळदार झगा सावरला आणि दोरा आणायला ती दुकानाकडे निघाली. मुलं मागोमाग.

झाडाखालच्या बाकावर मामा आणखी दोघांबरोबर बसला होता आणि ओंगे पायाशी पेंगत होता. आजीला पाहताच मामा ताडकन उठला. हे कुत्रं पळालं म्हणून त्याला शोधत आत्ताच आलो, असं त्याने शपथेवर सांगितलं.

माव्हेजाने आत जाऊन तीन वडे आणले आणि बाकावरच्या तिघांच्या हातांत एकेक ठेवला. ओंगे उठला. पहिल्या माणसाकडे त्याने पाहिलंही नाही. दुसऱ्यालाही ओलांडून तो गेला आणि मामासमोर बूड टेकवून ताठ बसला. मामा हात मागे घ्यायचं विसरला. सवयीने त्याने वड्याचा तुकडा मोडून पुढे केलासुद्धा.

बाकावरचे दोघे खो खो हसले. आजी मुळीच हसली नाही.

"मुचिंदे, याला तीन आठवड्यांत कळलं," ती म्हणाली. "तुला मी चाळीस वर्षं शिकवतेय."

मामाने मान खाली घातली. ओंगे सोबतीला बरा वाटायचा, म्हणून मीच त्याला हाक मारून आणायचो, हे त्याने कबूल केलं. आजीने माव्हेजाच्या डोक्यावर हात ठेवला. इतकं शहाणं कुत्रं आणि इतकी शहाणी पोर आपल्या घरात आहे, असं तिने सगळ्यांदेखत म्हटलं. शुक्रवारची गाडी ओंगेशिवायच गेली.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी माव्हेजा मामासोबत पाणवठ्यापर्यंत गेली. आता शेवटचा धडा होता आणि तो तिला मुळीच आवडत नव्हता. "थांब," तिने ओंगेला सांगितलं आणि ती एकटीच घराकडे चालू लागली. शंभर पावलांवर तिने मागे पाहिलं. ओंगे एका करडाला टेकून बसला होता आणि झुडपांकडे नजर लावून होता.

त्याने एकदा तरी आपल्याकडे पाहावं असं तिला फार फार वाटलं. त्याने पाहिलं नाही. "शाब्बास," ती म्हणाली आणि डोळे पुसत भराभर चालू लागली.